ऑस्टिन स्वॉलो मोटारीच्या बॉडीची पुनर्निर्मिती

ऑस्टिन स्वॉलो (पूर्ण नाव : ऑस्टिन सेव्हन स्वॉलो) ही १९२७ ते १९३२ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली एक हलकी मोटारगाडी होय. तिची चॅसी, इंजिन व चाके ऑस्टिन मोटर कंपनीची असत. बॉडी मात्र स्वॉलो नावाचा स्वतंत्र कारखाना हाताने बांधून तिच्यावर बसवीत असे. अशा सुमारे ३,५०० गाड्या तयार झाल्या आणि त्यांपैकी थोड्याच आज शिल्लक आहेत. अनेक गाड्यांची लोखंडी चॅसी टिकली, परंतु लाकडाची व पातळ पत्र्याची बॉडी नष्ट झाली. अशा उरलेल्या चॅसीवर जुन्या पुराव्यांच्या आधारे, शक्यतो त्या काळच्याच साहित्याने व पद्धतीने नवी बॉडी बांधणे यास बॉडीची पुनर्निर्मिती असे म्हणतात.

या कामात सुतारकाम, पत्राकाम, रंगकाम आणि गाद्या-अस्तराचे काम या चार कारागिरी एकत्र येतात. त्याचबरोबर नव्याने बांधलेल्या गाडीस 'अस्सल' म्हणावे की 'प्रतिकृती', हा प्रश्नही उपस्थित होतो. या प्रश्नाचे उत्तर बॉडी किती हुबेहूब आहे यापेक्षा कामाची नोंद किती प्रामाणिकपणे ठेवली आहे यावर अधिक अवलंबून असते.

संज्ञा

कोचबिल्ट : घोडागाडीस इंग्रजीत 'कोच' म्हणतात. मोटारी येण्यापूर्वी घोडागाड्या बांधणारे कारागीर 'कोचबिल्डर' म्हणून ओळखले जात. लंडनमधील त्यांच्या व्यवसायसंघास १६७७ मध्ये राजसनद मिळाली होती. मोटारी आल्यावर याच कारागिरांनी मोटारींच्या बॉडी बांधण्यास आरंभ केला. त्या काळी मोटार कंपनी केवळ चालती चॅसी विकत असे आणि ग्राहक ती आपल्या पसंतीच्या कारागिराकडे नेऊन तिच्यावर बॉडी चढवून घेत असे. भारतात ट्रकच्या बाबतीत ही पद्धत आजही परिचित आहे : चॅसी कंपनीची आणि बॉडी स्थानिक बॉडी बिल्डरची.

विंटेज : ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या (स्थापना १९३४) व्याख्येनुसार ३१ डिसेंबर १९३० पूर्वी बांधलेली गाडी 'विंटेज' ठरते. त्यामुळे काटेकोर अर्थाने १९३१ व १९३२ मधील ऑस्टिन स्वॉलो या कक्षेबाहेर जातात. भारतातील कायदेशीर व्याख्या याहून वेगळी आहे (पहा : भारतातील स्थिती).

हलकी मोटार : साधारणपणे १,५०० घन सेंमी.पर्यंतचे इंजिन असलेल्या छोट्या गाड्यांस ब्रिटनमध्ये 'लाइट कार' म्हणत. मध्यमवर्गास परवडणारी मोटार ही या वर्गाची मूळ कल्पना होती.

पार्श्वभूमी

ऑस्टिन सेव्हन

हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या आरेखकास आपल्या राहत्या घरी बसवून या गाडीचा आराखडा तयार करवून घेतला. गाडी १९२२ मध्ये बाजारात आली आणि १९३९ पर्यंत बर्मिंगहॅमजवळील लाँगब्रिज येथील कारखान्यात तिचे उत्पादन चालू राहिले. या काळात सुमारे २,९०,००० गाड्या तयार झाल्या. आरंभीचे ६९६ घन सेंमी.चे इंजिन लवकरच ७४७ घन सेंमी.चे करण्यात आले. हे चार सिलिंडरांचे इंजिन जेमतेम दहा अश्वशक्ती देत असे. पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर मूळ गाडीत ६ फूट ३ इंच (१.९०५ मीटर) होते. जर्मनीत डिक्सी कंपनीने परवान्याखाली हीच गाडी बांधली. १९२८ मध्ये बीएमडब्ल्यूने डिक्सी विकत घेतली आणि बीएमडब्ल्यूची पहिली मोटार अशा रीतीने ऑस्टिन सेव्हनच्या आराखड्यावरच उभी राहिली.

चॅसी स्वस्त, साधी व सहज मिळणारी असल्याने अनेक स्वतंत्र कारागिरांनी तिच्यावर आपापल्या बॉडी बांधल्या. विमानबांधणीच्या क्षेत्रातून आलेल्या गॉर्डन इंग्लंड यांच्या प्लायवुडचा वापर केलेल्या हलक्या बॉडी, तसेच मुलिनर व ॲरो या नावांनी विकल्या गेलेल्या बॉडी ही त्यांची काही उदाहरणे होत. त्यांत सर्वाधिक यश स्वॉलोस मिळाले.

स्वॉलो कारखाना

विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्स्ली या दोघांनी १९२२ मध्ये इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल येथे स्वॉलो साइडकार कंपनी सुरू केली. 'स्वॉलो' म्हणजे भिंगरी हा पक्षी. प्रारंभी येथे केवळ मोटारसायकलींच्या साइडकार बनत. १९२७ मध्ये ऑस्टिन सेव्हनच्या चॅसीवर बांधलेली दोन आसनी गाडी कंपनीने १७५ पौंडांस विक्रीस आणली. पुढील वर्षी बंद छपराची सलूनही आली. लायन्स यांच्या मनातील आकार प्रत्यक्ष लाकडात व पत्र्यात उतरवण्याचे काम सिरिल हॉलंड या कुशल बॉडी-कारागिराने केले.

लंडनच्या हेन्लीज या विक्रेत्यांनी ५०० गाड्यांची मागणी नोंदवल्यावर ब्लॅकपूलमधील जागा अपुरी पडू लागली. १९२८ च्या अखेरीस कारखाना कॉव्हेंट्रीतील फोल्सहिल येथे हलवण्यात आला. फियाट, स्विफ्ट, स्टँडर्ड व वूल्झली यांच्या चॅसींवरही स्वॉलोने बॉडी बांधल्या. १९३१ मध्ये कंपनीने एसएस नावाची स्वतःची मोटार सादर केली, १९३५ मध्ये 'जॅग्वार' हे नाव वापरात आले आणि १९४५ मध्ये कंपनीचेच नाव जॅग्वार झाले. मुंबईस मुख्यालय असलेल्या टाटा समूहातील टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. ऑस्टिन स्वॉलो ही अशा रीतीने आज भारतीय मालकीच्या असलेल्या एका नाममुद्रेची पूर्वज ठरते.

बॉडीचे स्वरूप

साधी ऑस्टिन सेव्हन चौकोनी व कामापुरती दिसे. स्वॉलो बॉडीत सरळ रेषांऐवजी वक्रांचा वापर होता. रेडिएटरभोवती गोलसर झाकण, फुगीर बॉनेट आणि दोन आसनी गाडीस मागे निमुळती होत गेलेली गोलाकार शेपटी ही तिची ओळखीची लक्षणे होत. दोन आसनी गाडीस कापडी टपाखेरीज कठीण छप्परही मिळू शकत असे. सलूनमध्ये दोन रंगांची योजना असे आणि बॉनेटवर दोन्ही रंगांची सीमारेषा टाकाच्या निबासारखी पुढे निमुळती होत जाई. ऑस्टिनच्या किमतीत थोडीच भर घालून श्रीमंती थाटाची गाडी मिळते, हे या गाडीच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण होते.

रचनेच्या दृष्टीने बॉडीचे दोन थर असत. आत ॲश वृक्षाच्या लाकडाची चौकट आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. पत्रा आकार देई, परंतु भार लाकडावर असे. दारांच्या बिजागऱ्या, कुलपे, आसने व समोरची काच हे सर्व लाकडी चौकटीसच जोडलेले असे.

ऑस्टिन सेव्हनच्या चॅसीचा एक विशेष येथे महत्त्वाचा ठरतो. इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची ही चॅसी मागील आसापूर्वीच संपते आणि मागचे कमानपाटे तिच्या टोकांतून मागे बाहेर आलेले असतात. त्यामुळे बॉडीचा मागील भाग चॅसीच्या आधाराविना पुढे आलेल्या सज्जासारखा राहतो. शिवाय खडबडीत रस्त्यावर ही बारीक चॅसी पिळवटते. बॉडी फार ताठ असेल तर पत्रा फाटतो आणि फार सैल असेल तर दारे आपोआप उघडतात. या दोहोंतील तोल लाकडी सांध्यांनी साधलेला असे.

मूळ बॉडी दुर्मीळ होण्याची कारणे

१. लाकूड कुजणे : पत्र्याच्या आतील बाजूस साचलेली ओल आणि लाकूड पोखरणारे किडे यांमुळे चौकट आतून खिळखिळी होते. बाहेरून पत्रा धड दिसत असतानाच आतला आधार गेलेला असतो.

२. धातूंची झीज : ॲल्युमिनियम व पोलाद एकमेकांस टेकलेले असून त्यांत ओलावा शिरला, तर विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते. पोलादी स्क्रूंभोवतीचा पत्रा पांढऱ्या भुकटीत रूपांतरित होतो.

३. 'स्पेशल' गाड्यांची लाट : दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या ऑस्टिन सेव्हन अत्यल्प किमतीत मिळत. हौशी तरुण त्यांची बॉडी काढून टाकून चॅसीवर घरगुती शर्यतीची गाडी बांधत. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची पहिली गाडीही १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच बांधली गेली. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबने या छंदास संघटित रूप दिले. त्यातून नामवंत अभियंते घडले, परंतु असंख्य मूळ बॉडी भंगारात गेल्या.

४. तपासणीची सक्ती : ब्रिटनमध्ये १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी सुरक्षा-तपासणी अनिवार्य झाली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होऊ लागल्याने अनेक जुन्या गाड्या मोडीत निघाल्या.

चॅसी, इंजिन व आस हे भाग सर्व ऑस्टिन सेव्हनना समान असल्याने ते सांभाळले गेले आणि त्यांचे सुटे भाग आजही मिळतात. स्वॉलो बॉडीचे भाग मात्र अन्य कोणत्याही गाडीस लागत नसत. म्हणून एकदा काढलेली बॉडी जपून ठेवण्याचे कारणच कुणास उरले नाही.

पुनर्निर्मितीची प्रक्रिया

पुरावे गोळा करणे

प्रथम हाती असलेल्या चॅसीचा क्रमांक व नोंदणीचे जुने कागद तपासून ती गाडी मुळात स्वॉलो बॉडीचीच होती का, हे पाहिले जाते. साध्या ऑस्टिनच्या चॅसीवरही स्वॉलो बॉडी तंतोतंत बसते. त्यामुळे केवळ ती बसली एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. बॉडी बसवताना चॅसीवर पाडलेली जादा भोके, उरलेले लाकडाचे तुकडे, एखादी बिजागरी किंवा रेडिएटरचे झाकण हे अशा वेळी महत्त्वाचे दुवे ठरतात. कुजलेला लाकडाचा तुकडाही टाकून दिला जात नाही. त्याची जाडी, सांध्याचा कोन व स्क्रूंची जागा ही माहिती अन्यत्र कोठेही लिहिलेली नसते.

त्यानंतर त्या काळची छायाचित्रे, विक्रीपत्रके आणि 'द ऑटोकार', 'द लाइट कार अँड सायकलकार' यांसारख्या नियतकालिकांतील वर्णने तपासली जातात. सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे त्याच प्रकारची शिल्लक असलेली मूळ गाडी. तथापि दोन मूळ गाड्याही एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. हाताने बांधलेल्या बॉडीत उजवी व डावी बाजू काही मिलिमीटरनी वेगळी असणे स्वाभाविक होते. एका गाडीवरून घेतलेले माप म्हणजे 'प्रमाण माप' नव्हे, ही मर्यादा अनुभवी कारागीर ध्यानात ठेवतात.

मापन व आरेखन

छायाचित्रावरून मापे काढताना एखादे निश्चित ज्ञात अंतर आधारास घ्यावे लागते. ऑस्टिन सेव्हनमध्ये चाकांच्या मध्यांतील १९०.५ सेंमी. हे अंतर त्यासाठी उपयोगी पडते. छायाचित्रात ते ९.५ सेंमी. भरल्यास चित्रातील एक सेंमी. म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २० सेंमी. असे प्रमाण मिळते. हे प्रमाण मात्र चाकांच्या प्रतलातील वस्तूंनाच लागू होते. कॅमेऱ्याजवळचे भाग मोठे आणि दूरचे लहान दिसतात. म्हणून छपराची किंवा शेपटीची मापे काढताना तेवढी दुरुस्ती करावी लागते.

या मापांवरून भिंतीवर किंवा प्लायवुडवर गाडीचे पूर्ण आकाराचे आरेखन करतात. बाजूने, वरून व मागून अशा तिन्ही दृश्यांतील रेषा एकमेकींशी जुळल्या, की आकार निश्चित होतो. अलीकडे शिल्लक गाडीचे लेसरने त्रिमितीय मापन करून संगणकावर आराखडा करण्याची पद्धतही रूढ झाली आहे. तिच्यामुळे वेळ वाचतो. मात्र मूळ गाडीस पूर्वी झालेल्या अपघातांचे पोचेही त्या मापनात जसेच्या तसे उतरतात आणि ते ओळखून वगळण्याचे काम माणसासच करावे लागते.

लाकडी चौकट

ॲशचे लाकूड लवचिक, चिवट व धक्का सोसणारे असते. ते वाफेवर वाकवता येते आणि त्यात स्क्रू घट्ट बसतो. या गुणांमुळे घोडागाडीच्या काळापासून ते या कामी वापरले जाते. इंग्लंडमधील मॉर्गन ही मोटार कंपनी आजही ते वापरते. युरोपात पसरलेल्या बुरशीजन्य रोगाने ॲशचे वृक्ष मोठ्या प्रमाणावर मरत आहेत. ब्रिटनमध्ये हा रोग २०१२ मध्ये आढळला. त्यामुळे पुढील काळात चांगल्या प्रतीचे लाकूड मिळवणे हीच अडचण ठरण्याची शक्यता आहे.

प्रत्येक तुकड्याचा प्लायवुडचा फर्मा करून त्यावरून लाकूड कापले जाते. वक्र तुकडा कापताना लाकडाचे रेषे वक्राच्या दिशेने जातील असे पाहावे लागते. रेषे आडवे गेल्यास तुकडा तेथेच मोडतो. जेथे वक्र अधिक असेल तेथे दोन-तीन तुकडे जोडून किंवा वाफेवर वाकवून आकार साधतात. सांधे कुसू-खाचेचे किंवा दोन्ही लाकडे निम्मी कापून एकमेकांवर बसवलेले असतात. पूर्वी सरस वापरीत, आता पाण्यास दाद न देणारे आधुनिक गोंद वापरले जातात. संपूर्ण चौकट प्रथम चॅसीवर सुटी उभी करून, दारे लावून, आसनावर माणूस बसवून तपासतात आणि मगच सांधे कायमचे पक्के करतात. चॅसी टेकूंवर असताना बसणारे दार गाडी चाकांवर उतरवल्यावर अडकू शकते, म्हणून ही तपासणी गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच करावी लागते.

पत्राकाम

या प्रकारच्या कामात साधारणतः १.२ ते १.६ मिमी. जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा वापरतात. ठोकताना ॲल्युमिनियम कठीण होत जाते व शेवटी तडकते, म्हणून ते मधूनमधून तापवून मऊ करावे लागते. लोखंडाप्रमाणे ते तापल्यावर लाल होत नाही आणि पूर्वसूचना न देता वितळते. यावर जुन्या कारागिरांची युक्ती साबणाची आहे : पत्र्यावर साबण चोळून ज्योत फिरवायची आणि साबण काळा पडताच थांबायचे.

फुगीर भाग घडवण्यासाठी पत्रा वाळूने भरलेल्या चामडी पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकतात. त्याने पत्र्याच्या मध्यभागी खळगा पडून तो ताणला जातो. त्यानंतर 'इंग्लिश व्हील' या यंत्राच्या दोन पोलादी चाकांमधून तो पुढेमागे फिरवून ठोक्यांचे व्रण सपाट करतात. स्वॉलोची गोल शेपटी एका पत्र्यात घडवणे जवळजवळ अशक्य असल्याने ती अनेक तुकड्यांत घडवून जोडली जाते. जोड ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीने केल्यास तो मऊ राहतो व ठोकून सपाट करता येतो. मात्र त्यासाठी लागणारे रासायनिक द्रव्य गरम पाण्याने पूर्ण धुऊन न काढल्यास काही वर्षांनी जोडाची रेषा रंगाखालून वर उमटते.

पत्र्याचा मोकळा काठ तारेभोवती वळवतात. त्याने काठास ताठपणा येतो व धार जाते. शेवटी पत्रा चौकटीवर बारीक खिळ्यांनी बसवून त्याचे काठ लाकडाभोवती वळवले जातात. लाकूड व पत्रा आणि पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओल रोखणारा पातळ थर देण्याची आधुनिक प्रथा आहे. तो बाहेरून दिसत नाही, परंतु मूळ बॉडी ज्या कारणाने गेली ते कारण त्याने दूर होते.

रंग, गाद्या व अंतर्भाग

१९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोज रंग प्रचारात आले. त्यापूर्वी घोडागाडीच्या पद्धतीने रोगणाचे थर देण्यास अनेक आठवडे लागत. नवे रंग काही तासांत वाळत व फवारता येत, म्हणून स्वॉलोसारख्या कारखान्यांस दोन रंगांच्या आकर्षक योजना परवडू लागल्या. पुनर्निर्मितीत आजचे चकचकीत रंग वापरल्यास गाडी नवीकोरी दिसते, पण काळाशी विसंगत ठरते. रंगाची मूळ छटा बहुधा बिजागरीखाली, पत्र्याच्या वळलेल्या काठात किंवा आसनाखाली सापडते, कारण तेथे ऊन व दुरुस्तीचा ब्रश पोहोचलेला नसतो. कृष्णधवल छायाचित्रांवरून छटा ठरवणे धोक्याचे असते. त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटे.

अस्सलपणाचा प्रश्न

जुन्या गाड्यांची किंमत त्यांच्या अस्सलपणावर ठरते. त्यामुळे साध्या ऑस्टिन सेव्हनवर नवी स्वॉलो बॉडी चढवून ती मूळ म्हणून विकण्याचा मोह संभवतो. यासाठी पुढील भेद केले जातात.

जतन : आहे ती गाडी आहे त्या स्थितीत राखणे व पुढील झीज थांबवणे.

जीर्णोद्धार : मूळ बॉडी कायम ठेवून तिचे नष्ट झालेले भाग बदलणे.

पुनर्निर्मिती : मूळची स्वॉलो असलेल्या चॅसीवर, पुराव्यांच्या आधारे संपूर्ण नवी बॉडी बांधणे.

प्रतिकृती : मूळची स्वॉलो नसलेल्या चॅसीवर तशाच स्वरूपाची बॉडी बांधणे.

ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिव्हा' (स्थापना १९६६) हिने २०१३ मध्ये तुरिनची सनद स्वीकारली. वास्तुवारशासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून तिने प्रेरणा घेतली आहे. शक्य तेवढे मूळ साहित्य राखावे, नवे भाग ओळखता यावेत आणि केलेल्या कामाची लेखी नोंद राहावी, ही तिची मुख्य तत्त्वे होत. त्यानुसार जबाबदार कारागीर नव्या लाकडी तुकड्यांवर आतील बाजूस वर्ष कोरतात आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे गाडीच्या कागदपत्रांत ठेवतात.

या विषयावरील प्रसिद्ध न्यायालयीन निर्णय हलक्या मोटारीचा नसून बेंटली कंपनीच्या 'ओल्ड नंबर वन' या शर्यतीच्या गाडीचा आहे. तिने १९२९ व १९३० मध्ये ल माँ येथील शर्यत जिंकली होती. पुढे तिचे बहुतेक भाग बदलले गेले, बॉडीही बदलली. १९९० मध्ये तिच्या विक्रीवरून वाद झाला असता इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ती अस्सल 'ओल्ड नंबर वन' असल्याचा निर्वाळा दिला. भाग बदलत गेले तरी गाडीचा इतिहास अखंड राहिला, हे त्यामागील मुख्य सूत्र होते. स्वॉलोच्या संदर्भात याचा अर्थ असा, की बॉडी गेल्यावर अनेक दशके सुटी पडलेल्या चॅसीस अखंडतेचा हा आधार सहजी मिळत नाही. तेथे कागदपत्रांचे महत्त्व अधिकच वाढते.

पुनर्निर्मितीवर दोन्ही बाजूंनी मते मांडली जातात. तिच्या विरोधात असे म्हटले जाते, की प्रत्येक नव्या बॉडीबरोबर मूळ बॉडींचे ऐतिहासिक मोल धूसर होते. शिवाय चॅसीवर पूर्वी बांधलेली 'स्पेशल' बॉडी हाही इतिहासच असून ती काढून टाकणे म्हणजे एक पुरावा नष्ट करून दुसरा कल्पनेने उभारणे होय. समर्थनार्थ असे म्हटले जाते, की लाकडी चौकटीची बॉडी बांधण्याचे ज्ञान पुस्तकांत फारसे नाही. ते हातांत आहे आणि काम मिळाले तरच पुढच्या हातांत जाते. वस्तू संग्रहालयात जपता येते, कौशल्य केवळ वापरानेच टिकते. १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनातील बुगाटी एरोलिथ या नाहीशा झालेल्या गाडीची मॅग्नेशियम मिश्रधातूची बॉडी कॅनडातील कारागिरांनी मोजक्या छायाचित्रांवरून पुन्हा घडवली. ती मूळ गाडी नव्हे हे सर्वांस ठाऊक असूनही, असा पत्रा कसा घडवला गेला असेल याचे ज्ञान त्या कामामुळे पुन्हा हाती आले.

भारतातील स्थिती

ब्रिटिश काळात ऑस्टिन सेव्हन भारतातही आल्या आणि कोलकाता येथे भरणाऱ्या स्टेट्समन रॅलीत त्या पाहावयास मिळतात. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था जुन्या मोटारींच्या क्षेत्रात काम करते.

केंद्रीय मोटारवाहन नियमांत २०२१ मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांस 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन तसेच इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक वापर करता येत नाही. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. संपूर्ण नवी बॉडी बांधलेल्या गाडीस ही अट थेट भिडते. म्हणून भारतात असे काम हाती घेण्यापूर्वी मूळ बॉडीच्या अवस्थेची छायाचित्रे, जुने नोंदणीपुस्तक व उरलेले भाग जपणे विशेष आवश्यक ठरते.

कारागिरीच्या दृष्टीने भारतात अनुकूलता आहे. लाकडी चौकटीवर पत्रा चढवण्याचे तंत्र ट्रक व बसच्या बॉडी बांधणाऱ्या कार्यशाळांत दीर्घकाळ वापरात होते आणि हाताने पत्रा ठोकून आकार देणारे कारागीर आजही आढळतात. ॲशचे लाकूड मात्र येथे स्थानिक नाही. त्याऐवजी सागवान वापरल्यास चौकट टिकाऊ होते. परंतु मूळ साहित्यात हा बदल ठरतो आणि त्याची नोंद कागदपत्रांत करावी लागते.

हेही पहा

ऑस्टिन सेव्हन
विल्यम लायन्स
जॅग्वार कार्स
कोचबिल्डर
तुरिनची सनद